कोंबड्यांची डॉक्टरीण

मी माझ्या पोटुशी भावजयीला कोंबड्यांचं औषध पाजलं. ताकातून, चमच्यानं ढवळून, वर जिऱ्याची पूड भुरभुरून. चवीला बरं लागावं म्हणून! नातवंडं हा किस्सा मला पुन्हा पुन्हा सांगायला लावतात आणि दर वेळी मी बोलता बोलता स्वतःची बाजू थोडी सावरून घेते. लिहिताना ती सोय नाही. म्हणून आधीच सांगून टाकते. मला कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं. घरात दुसरं औषध नव्हतं म्हणूनही मी ते दिलं नव्हतं. दिलं ते मला कळतं, या खात्रीनं. दहावीला दोनदा आपटलेल्या मुलीला जेवढं कळतं, तेवढं मला पुढं उभ्या जन्मात कधी कळलं नाही.

आमचं घर आटपाडीच्या वरच्या अंगाला, माळावर. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारी माणसं आम्ही. माझं लहानपण मेंढरांच्या मागं गेलं. दसरा झाला की माझा बाप, आबा, मेंढरांचा वाडा म्हणजे तळ हलवायचा. घोड्यावर संसार, घोड्याच्या पाठीवर बांधलेलं कोकरू, त्याच्या शेजारी कोंबडी आणि कधीकधी मी. खाली कऱ्हाडाकडं, मलकापुराच्या पुढं, उसाच्या मुलखात उतरायचं. तिथले बागायतदार त्यांच्या रानात आमची मेंढरं बसवून घ्यायचे, म्हणजे लेंडीखत आपसूक रानात पडायचं आणि आम्हाला धान्य मिळायचं. पुढं आबाचे गुडघे धरले. बिरूदादा कुपवाडला कारखान्यात लागला, आठवड्याच्या सुट्टीला मोटरसायकलीवर घरी यायला लागला, आणि मेंढरांमागं चालायला माणूस उरलं नाही. मग दादानं कुठंतरी बघितलं, कुणीतरी त्याला भरीला घातलं, आणि मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, वाघरीच्या जागी पत्र्याचं लांबलचक शेड उभं राहिलं. आत मटणासाठी वाढवायच्या पांढऱ्या कोंबड्या.

आबाला ही जनावरं पटलीच नाहीत. जन्मभर चालणाऱ्या जित्राबामागं चाललेला माणूस तो. बसून खाणाऱ्या जित्राबाचं काय करायचं, हे त्याला उमजेना. सकाळ-संध्याकाळ तो काठी खांद्यावर आडवी टाकून शेडभोवती फेऱ्या मारायचा. मधेच थांबून जाळीतून आत बघायचा आणि तोंडातल्या तोंडात मेंढरं हाकल्यासारखं ‘हुर्र हुर्र’ करायचा. आत कुणी ढिम्म हलायचं नाही. आई भाकरी थापता थापता ओरडायची, ‘‘आवं, बसा की जरा! त्या काय पळून चालल्यात?’’ आबा म्हणायचा, ‘‘त्येच तर वांदं हाय. पळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.’’ त्या कोंबडीचं मटणही त्यानं कधी तोंडात घातलं नाही. ‘‘जे जन्मात चार पावलं चाललं न्हाई, त्येला चव कुठनं यायची?’’ असं म्हणून तो हुलग्याचं माडगं आणि खर्डा-भाकरी जवळ ओढायचा.

घरातही कुणाचं चित्त ठिकाणावर नसायचं. त्या शेडचा आवाजच तसा होता. पिल्लं आली की पहिले काही दिवस चिवचिवाट, उबेला लावलेल्या पिवळ्या बल्बांच्या उजेडात. पिल्लं वाढली की तो आवाज भरड व्हायचा, कुणीतरी सतत पोती ओढतंय असा. त्यात पत्रा तापून कडकड वाजायचा. वारा फिरला की तो उग्र वास स्वयंपाकघरात शिरून थेट भाकरीच्या घासाला लागायचा. मेंढरांचाही वास असतो म्हणा, पण तो आम्हाला वास वाटत नव्हता. मी तर कायम कुठंतरी जायच्या तयारीत असल्यासारखी. लग्नाचं बघणं चालू होतं, दहावी होत नव्हती, माळावर करायला दुसरं काही नव्हतं. अशा रिकाम्या डोक्यात डॉक्टरकी शिरली.

ती शिरायचं कारण एवढंच की घरात इंग्रजी अक्षरं जुळवून वाचणारी मी एकटी. पिल्लं आणि खाद्य पुरवणाऱ्या दुकानदाराचा माणूस मोटरसायकलीवरून यायचा. त्यानं पिवळ्या पुडीचा डबा माझ्या हातात दिला आणि सांगितलं, ‘‘कोंबड्या खुरखुरायला लागल्या, शी पातळ झाली, तरच पाण्यातनं द्यायचं. सांगितलेले दिवस पुरे करायचे आनि बंद. इकायच्या आधी तर अजिबात न्हाई.’’ मी मान हलवली. मनात म्हटलं, हा माणूस अडाणी आहे. औषध जर चांगलं असेल, तर आजारी पडेपर्यंत थांबायचं कशाला? आणि बरं वाटायला लागल्यावर बंद कशाला करायचं? मिठासारखं रोज चिमूट-चिमूट घातलं तर आजार दारात तरी उभा राहील का?

घातलं मी रोज. पाण्याच्या टाकीत, अंदाजपंचे, आई आमटीत मीठ टाकते तसं. एखादी कोंबडी शिंकली की मूठभर. मेंढरात असताना आमच्याकडं एक रीत होती. एक मेंढरू आजारी पडलं की ते कळपातून काढायचं, बाजूला बांधायचं, त्याला एकट्याला झाडपाला उगाळून द्यायचा, नाहीतर तापल्या लोखंडाचा डाग द्यायचा. आबाचे ते सगळे उपाय काही शहाणपणाचे नव्हते. डाग देऊन त्यानं मारलेली मेंढरं मी बघितली आहेत. पण शेडात ती रीत चालतच नाही. हजारो तोंडं एका पाण्याला लागलेली. एकीला पाजायचं तर सगळ्यांना पाजायचं. आणि पाजणारी मी!

पहिले दोन-तीन लॉट असे निघाले की बघत राहावं. कोंबड्या टपोऱ्या, मरतूक कमी. माल उचलायला आलेला टेंपोवाला म्हणाला, ‘‘आबा, शेडला डॉक्टर ठिवलाय का काय?’’ आबानं काठीनं माझ्याकडं बोट केलं. झालं! त्या दिवसापासून मी जमिनीवरून चालायचं सोडलं. ओढणी मागं बांधायची, डबा काखेत मारायचा, शेडात शिरताना घसा खाकरायचा. आरशात बघताना मी स्वतःशी ‘डॉक्टरीणबाई’ म्हटलेलं आहे, एकदा नव्हे. मग तोंडावर पुटकुळ्या आल्या तर तीच पूड पाण्यात कालवून गालाला लावली. शेळीला ढाळ लागली, तिला दिली. कुत्र्यानं खाणं सोडलं, त्यालाही दिली. कुत्रं बरं झालं. ते तसंही होणारच होतं, चुलीमागची जिवंत उंदरं खाऊन अजीर्ण झालेलं होतं ते.

पुढं पुढं मात्र पूड चालेनाशी झाली. मूठ घातली तरी शी पातळच. मी दोन मुठी घातल्या. मग त्या माणसानं बाटलीतलं दुसरं औषध आणलं, ‘‘ह्ये त्याच्यापेक्षा भारी.’’ ते एक-दोन लॉट चाललं आणि त्याचीही तीच गत. मग तिसरं. माझ्या डोक्यात एकच विचार, औषधात भेसळ आहे. शेडात खाली अंथरलेल्या भाताच्या तुसात, त्या कोंबड्यांच्या पोटात काय शिजतंय, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. ते शीमिश्रित तूस आम्ही परड्यातल्या मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात घालायचो. सगळं शेड मी आणि वयनी उघड्या हातानं ढवळायचो, बाहेर यायचो, रांजणातल्या तांब्याभर पाण्यात बोटं बुडवली न बुडवली की पिठाला लागायचो. आता नात ऐकून ‘‘ईऽऽ आजी!’’ करते. करू दे. ती हात धुताना नळ चालू ठेवून गाणं पुरं म्हणते. आमच्याकडं नळ नव्हता आणि पाण्याचा टँकर कधी येईल ते टँकरवाल्यालाच ठाऊक.

वयनी म्हणजे कमळ, बिरूदादाची बायको. माझ्यापेक्षा जेमतेम दोन वर्षांनी मोठी. पण लग्न होऊन आलेली, म्हणून मला ‘वन्सं’ म्हणायची आणि अहोजाहो करायची. मी तिला अरेतुरे. दादा कुपवाडला, सासू करारी, सासरा शेडभोवती फिरतोय. तिला बोलायला मी आणि मला मिरवायला ती. आम्ही हुलगे निवडत बसायचो, ती मला तिच्या माहेरच्या गावातल्या भानगडी सांगायची आणि मी तिला औषधांची नावं घडाघडा म्हणून दाखवायची. तीही तोंड उघडं टाकून ऐकायची. एवढं भाबडं ऐकणारं माणूस मला पुन्हा मिळालं नाही. नवऱ्यानं तर कधीच ऐकलं नाही.

तिला दिवस गेले, पाचवा-सहावा महिना लागला असेल. एक दिवस बघते तर ती सारखी परसात जातेय. बसते, उठते, परत जाते. चेहरा ओढलेला. मी खोदून विचारलं तेव्हा मान खाली घालून म्हणाली, ‘‘लघवीला लय जळजळतंय, वन्सं. थेंबथेंब व्हतीया. आत्याबाईंस्नी सांगू नगा. ह्यास्नी बी न्हाई. लाज वाटती.’’

आता शहाण्या पोरीनं काय केलं असतं? आईला सांगितलं असतं. मी मात्र घसा खाकरला. ‘‘जंतू असत्यात ते,’’ मी तिला म्हटलं, ‘‘माझ्याकडं हाय औषध.’’ आणि तिसरं औषधही थकल्यावर पुन्हा काढलेल्या माझ्या लाडक्या पिवळ्या पुडीची चिमूट ताकात टाकली. ती बिचारी एका दमात प्याली, ओठ पुसले आणि हसली. सकाळ-संध्याकाळ असं काही दिवस चाललं. मधे एक-दोन दिवस तिला बरं वाटलं, निदान ती तसं म्हणाली. मला आत्ता वाटतं की ती मला बरं वाटावं म्हणून तसं म्हणाली असेल.

मग एका दुपारी तिला थंडी भरून आली. बाहेर ऊन नुसतं पेटलेलं आणि ती घोंगड्याखाली दात वाजवतेय. पाठीत, कमरेच्या वर, असं दुखायचं की हात लावू देईना. आईनं काय ते ओळखलं, पण अर्धंच; पुडीचं तिला कुठं ठाऊक. गावातल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, नंतर इंजेक्शनं. ताप दुपारी उतरायचा आणि दिवेलागणीला पुन्हा चढायचा. आई तिच्या पोटावर हात ठेवून बसायची, पोर हलतंय का बघत. एकदा तिनं बराच वेळ हात ठेवला आणि माझ्याकडं असं बघितलं की मी उठून बाहेर गेले. शेडभोवती आबाच्या मागोमाग मीही फेऱ्या मारायला लागले. आबा पुढं, मी मागं. आबा म्हणाला, ‘‘तुजं काय सांडलंय?’’ मी चालतच राहिले. भावजय जाईल की पोर जाईल, की दोघं, एवढंच डोक्यात गरगरत होतं. आणि त्याच्याखाली, दडपून ठेवलेली, ती पिवळी चिमूट.

दादाला निरोप गेला. गाडी मिळेना. नेमका त्याच दिवशी माल उचलायला टेंपो आलेला. आबानं टेंपोवाल्याला म्हटलं, ‘‘कोंबड्या ऱ्हाऊ द्या. हिला सांगलीला न्या.’’ मागं रिकामे पिंजरे खडखडत होते. पुढं ड्रायव्हरशेजारी आई, आईच्या मांडीवर वयनीचं डोकं, आणि पायाशी अंग चोरून मी. विट्याच्या पुढं रस्ता असा खराब की प्रत्येक खड्ड्याला वयनी ‘‘आई गं’’ म्हणायची आणि पिंजरे तिच्यामागून सगळे एकदम ओरडल्यासारखे वाजायचे. तासगाव येईपर्यंत ती नुसती कण्हत होती. तो ड्रायव्हर एरवी तोंडाळ माणूस. त्या दिवशी फक्त दर थोड्या वेळानं मान वळवून विचारायचा, ‘‘हाय न्हवं?’’ आई म्हणायची, ‘‘हाय.’’

सांगलीच्या दवाखान्यात दादा आधीच कपाळाला आठ्या घालून उभा होता. एक डॉक्टरीणबाई आल्या. खऱ्या. बुटक्या, केस पांढरे, पायात रबरी सपाता. त्यांनी वयनीच्या पाठीवर हलकंच हात मारला तशी ती किंचाळली. पोटाला कान लावायची नळी लावून बराच वेळ ऐकलं. ‘‘बाळ आहे,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण ताप असाच राहिला तर दोघांचंही मी सांगू शकत नाही. मूत्रपिंडापर्यंत गेलंय.’’ मग त्यांनी गावातल्या डॉक्टरच्या गोळ्या बघितल्या आणि विचारलं, ‘‘ह्यांनी उतरायला हवं होतं. ह्याच्याआधी काही घेतलंय का हिनं? लघवी तपासायला टाकते, पण जंतू वाढून कळायला दोन दिवस जातील. तोवर मी अंधारात बाण मारणार. गरोदर बाई, सगळी औषधं देता येत नाहीत. नीट आठवा.’’

दादा म्हणाला, ‘‘काय न्हाई घेतलं.’’ आई म्हणाली, ‘‘काय न्हाई.’’ वयनी डोळे मिटून पडलेली. तिला शुद्ध होती की नव्हती, मला अजून माहीत नाही. पण ती काही बोलली नाही.

मी म्हटलं, ‘‘कोंबड्यांची पूड.’’

दादानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी कानडीत बोलले. बाईंनी मात्र चष्मा काढला. ‘‘कुठली?’’ मी नाव सांगितलं. ‘‘आणि शेडात अजून काय काय देता?’’ मग मी सगळी नावं सांगितली. ज्या नावांची मी घडाघडा आरती म्हणायची, तीच आता एकेक करून, अडखळत. रोज देतो, चिमूट-चिमूट, हेही सांगितलं. शी कुठं टाकतो, शेडात कोण कोण काम करतं, तेही. बाई ऐकत होत्या आणि सोबतच्या नर्सला सांगत होत्या, ‘‘हे नको. हे पण नको. ह्याच्या जातीचं ते सुद्धा नको.’’ शेवटी एका वेगळ्याच इंजेक्शनचं नाव घेतलं आणि दादाला दुकानात पिटाळलं.

मग माझ्याकडं वळल्या. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. त्या म्हणाल्या, ‘‘कशातून दिलीस?’’

‘‘ताकातून.’’

‘‘ताकातून!’’ त्या पुटपुटल्या. ‘‘बरं केलंस, बाई. ताकात ती पूड निम्मी अंगालाच लागत नाही. गरोदरपणात ती लागू नये हेच बरं. पोराची हाडं, दात बिघडतात.’’ माझ्या आयुष्यात माझं जे थोडंफार कौतुक झालं, त्यातलं हे एक, आणि तेसुद्धा दोन चुका एकमेकींना आडव्या गेल्या म्हणून.

दोन दिवस आम्ही त्या व्हरांड्यात काढले. दादा माझ्याशी बोलत नव्हता. तो या टोकाला, मी त्या टोकाला, मधे आई जा-ये करतेय. मी बसू शकत नव्हते. पाण्याच्या पिंपाकडं जायचं, परत यायचं, दारातून डोकवायचं, नर्सनं हाकललं की पुन्हा पिंपाकडं. आबाची चाल माझ्या पायात उतरली होती. दुसऱ्या दिवशी बाईंनी मला आत बोलावलं आणि काचेची एक चपटी ताटली दाखवली. तिच्यावर सगळीकडं दुधावरच्या सायीसारखं काहीतरी पसरलेलं आणि मधेमधे कागदाच्या बारक्या गोल टिकल्या. ‘‘ही साय म्हणजे हिच्या लघवीतले जंतू. प्रत्येक टिकलीत एकेक औषध. ज्याला जंतू घाबरतो, त्या टिकलीभोवती मोकळी जागा पडते.’’

मी बघितलं. लांडगा दिसला की मेंढरं कशी लांब सरकतात, मधे केवढी माती मोकळी दिसते, ते मी हजारदा बघितलंय. इथं लांडगे नुसते नावाला बसलेले. मेंढरं त्यांच्या अंगाला अंग घासून चरत होती. माझ्या सगळ्या औषधांच्या टिकल्या तशा. फक्त दोन-तीन टिकल्यांभोवती माती मोकळी होती, त्यातली एक बाईंनी सुरू केलेल्या इंजेक्शनची.

‘‘हे कोंबडीच्या पोटातूनच आलं, असं मी छातीठोक सांगणार नाही,’’ बाई म्हणाल्या. ‘‘दुसरीकडूनही येतं. पण तू रोज चिमूट-चिमूट देतेस, तेव्हा कोंबडीच्या पोटातले लेचेपेचे जंतू मरतात आणि निबर ते उरतात. त्यांचीच पिलावळ वाढते. शी रानात, शी हातावर, हात पिठात. कोंबडी विकली जाते गं, जंतू घरीच राहतो.’’

तिथून पुढं आमच्या शेडाचं काय झालं ते थोडक्यात सांगते. तो लॉट गेला. शेड रिकामं ठेवून आबानं चुना मारला. पुन्हा पिल्लं आणली तेव्हा डबा आईच्या ताब्यात गेला आणि शेडाच्या दाराशी पाण्याची बादली नि साबण आला. मरतूक वाढली, दादा कुरकुरला, थोडी आम्हीही चिडचिड केली. अजूनही या भागातल्या सगळ्या शेडांतून काय काय पाण्यातून जातं, ते मला बघवत नाही आणि माझं कुणी ऐकत नाही. परवाच शेजारीण येऊन म्हणाली, ‘‘मावशी, मागच्या टायमाच्या उरलेल्या गोळ्या हायत का, नातवाला खोकला झालाय.’’ मी तिला असं फैलावर घेतलं की ती चहा न पिताच गेली. गोळ्या होत्या माझ्याकडं. चहाही होता.

पण दवाखान्यातली ती तिसरी सकाळ राहिली. वयनीचा ताप रात्री चढलाच नव्हता. बाळाचे ठोके नीट लागत होते. (तो पोरगा आज मलकापुरात राहतो, त्याला स्वतःची दोन पोरं आहेत आणि दात खणखणीत आहेत. मी दर दिवाळीला तपासते.) आई तोंड धुवायला गेलेली. मी खाटेपाशी खाली बसले होते, वर बघायची हिंमत नव्हती. वयनीनं आपल्या हातानं माझी वेणी ओढली. मी वर बघितलं तर ती माझ्याकडंच बघत होती, ओठ तापानं फुटलेले. मी रडायला लागले. मोठ्यानं, नाक गळेपर्यंत. म्हटलं, ‘‘वयनी, मला काय कळत नव्हतं गं. तू डबा तरी बघितला असतास, तर मला आडवलं असतंस.’’

तिनं माझी वेणी पुन्हा ओढली. मग म्हणाली, ‘‘डबा कशाला बघू, वन्सं? तुमी दिलं म्हनून घेतलं.’’